दर रविवारी जागा सोडणारा ॲनिमोन: ठाण्यातल्या एका मरीन टँकचं प्रकरण

क्लाउनफिशची जोडी आणि समुद्रपुष्प, म्हणजे आपल्या हौशी मंडळींचा ॲनिमोन, एकाच खरेदीत घरी आणणारे लोक मला नेहमी भेटतात. ॲनिमोन हा दगडाला चिकटून राहणारा, बोटांसारखे शुंडके असलेला प्राणी; समुद्रात क्लाउनफिश त्याच्या आसऱ्याने राहतो. मासे टिकतात, ॲनिमोन बहुधा टिकत नाही. मग ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "पाणी तर सगळं बरोबर होतं हो." या प्रकरणातही ते वाक्य होतं, आणि ते खोटं नव्हतं. म्हणूनच हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

घर ठाण्यातलं. नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, मुलगी शाळेत. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

टँक आणि त्यातली मंडळी

टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, तेवढाच उंच. दगड-वाळूची जागा वजा केली तर वर साधारण 200 लिटर पाणी आणि खालच्या संपमध्ये, म्हणजे पाणी गाळणाऱ्या जोडटाकीत, 70. प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र), दोन वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारे पंप), फॉस्फेट काढणारी मीडिया, आरओचं पाणी, चांगल्यापैकी मरीन सॉल्ट. पाणी नोव्हेंबरात भरलं होतं. दगड सिरॅमिकचे, कोरडे. हे त्यांनी योग्य केलं होतं, कारण आपल्याकडे दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतो आणि 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा दगड पुष्कळदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. ॲनिमोन हा प्रवाळाचा नातेवाईक असला तरी त्या यादीत नाही. मात्र कोऱ्या दगडाचा एक परिणाम होतो. त्यावर जिवाणू, शैवाल, बारीकसारीक जीव यांची वस्ती बसायला पुष्कळ महिने लागतात, आणि ती बसेपर्यंत टँक दिसायला तयार, पण वागायला कच्चा असतो.

जानेवारीत ओसेलारिस जातीच्या क्लाउनफिशची जोडी आली. हॅचरीत जन्मलेली. आता समुद्रातून धरलेला क्लाउनफिश घ्यायचं काही कारण उरलेलं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने या माशांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं त्याला बरीच वर्षं झाली, आणि इथे जवळ ऐरोलीतही मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते.

मार्चमध्ये ते आणखी मासे बघायला दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "घरी निमो आहेत म्हणता आणि त्यांना घर नाही? हा बबल-टिप घेऊन जा मॅडम." बबल-टिप ही ॲनिमोनची एक जात, शुंडक्यांची टोकं फुगीर असलेली. हा ॲनिमोन पांढराशुभ्र होता, टोकं तेवढी गुलाबी. दुकानदाराने त्याला 'व्हाइट व्हरायटी' म्हटलं.

अशी व्हरायटी नसते. या ॲनिमोनच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. ॲनिमोनचा तपकिरी किंवा हिरवट-तपकिरी मूळ रंग त्यांचा असतो. उष्णता, अंधार, प्रवासाचे हाल यांमुळे शैवालं निघून गेली की अंग पांढरं पडतं. पांढरा ॲनिमोन मेलेला नसतो, पण त्याचं घरचं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि तो अंगातल्या साठ्यावर दिवस काढत असतो. म्हणजे चार-पाच महिन्यांच्या कच्च्या टँकमध्ये एक उपाशी प्राणी येऊन पडला होता. पुढचं सगळं या पायावर वाचायला हवं.

मे महिन्यातली सोमवारची सकाळ

फोन बाईंचा होता. "सर, ॲनिमोन वेव्हमेकरमध्ये गेलाय." वेव्हमेकरच्या जाळीत त्याच्या कडेचा भाग आणि काही शुंडके ओढले जाऊन फाटले होते. पाण्यात चिकट चिंध्या तरंगत होत्या आणि दोन्ही मासे दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभे होते.

पहिल्या तासात काय करायचं ते मी फोनवरच सांगितलं. वेव्हमेकर बंद करा, पण ॲनिमोनला ओढू नका. पंप थांबला की बऱ्याचदा तो स्वतःच सुटतो. चिंध्या बारीक जाळीने काढा. संपमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका. स्किमर चालू ठेवा. नवं खारं पाणी कालवायला घ्या आणि संध्याकाळपर्यंत 60-70 लिटर बदला. फाटलेला ॲनिमोन मेला तर अडीचशे-पावणेतीनशे लिटरच्या टँकमध्ये अमोनिया इतक्या झपाट्याने चढतो की मासेही जातात. म्हणून एक बादली खारं पाणी, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावून, वेगळं तयार ठेवायलाही सांगितलं.

संध्याकाळी गेलो तेव्हा तीन गोष्टी पाहिल्या: तोंड, पाय आणि वास. तोंड सैल पडून आतलं बाहेर आलं असेल तर आशा कमी. पाय कशालाच चिकटत नसेल तर आणखी कमी. आणि मेलेल्या ॲनिमोनचा वास एकदा घेतला की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. इथे तोंड घट्ट मिटलेलं होतं, पाय बोटाला चिकटत होता, वास नव्हता. मी थांबायचं ठरवलं. त्याला दगडाच्या एका तुकड्यासकट भोकं असलेल्या प्लास्टिकच्या टोपलीत, मंद प्रवाहात ठेवलं. गृहस्थांनी इंटरनेटवर वाचून सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. आजारी ॲनिमोनसाठी ते औषध वेगळ्या भांड्यात देणारे हौशी लोक आहेत, पण हा जखमी होता, आजारी नव्हता. गोळ्या कपाटात गेल्या.

सगळं बरोबर

मग पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. पीएच 8.1. क्षारता आणि कॅल्शियम ठीक. मिठाचं प्रमाण मोजणाऱ्या माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर खारेपणा 1.025 (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता). हा रिफ्रॅक्टोमीटर मी 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) प्रमाण द्रावणाने लावून घेतो, आरओच्या पाण्याने नाही, कारण शून्यावर बरोबर दाखवणारं यंत्र 35 वर चुकू शकतं. त्यांच्या काट्याच्या हायड्रोमीटरवरही तेवढाच आकडा आला. तापमान संध्याकाळी 30.5. हे जास्त होतं, पण मेमध्ये ठाण्यात चिलर नसलेल्या टँकमध्ये अनपेक्षित नव्हतं.

गृहस्थांनी वही दाखवली. नोव्हेंबरपासून दर रविवारी रात्रीची नोंद, सुंदर अक्षरात. खारेपणाच्या रकान्यात प्रत्येक ओळीत 1.025 किंवा 1.026. "बघा, एकदाही हललं नाही," ते म्हणाले.

दोन गोष्टी मात्र लगेच दिसल्या. एक, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य. ऐकायला हे कौतुकाचं वाटतं, पण झूझँथेलीला नायट्रोजन-फॉस्फरस लागतात. समुद्रात क्लाउनफिश ॲनिमोनला जे देतो त्यात माशाच्या अंगातून निघणारा अमोनियाही येतो. ॲनिमोनच्या आतली शैवालं तो वापरतात. इथे दोन लहान मासे, तेही ॲनिमोनच्या जवळ न फिरकणारे, आणि त्यांच्यामागे भलामोठा स्किमर आणि फॉस्फेट काढणारी मीडिया. पांढऱ्या ॲनिमोनला पुन्हा रंग यायला जे हवं तेच पाण्यातून खरवडून काढलं जात होतं.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. दिवा 'मरीन' म्हणून विकलेला, निळाजांभळा, दिमाखदार. उसना आणलेला पीएआर मीटर, म्हणजे शैवालांना वापरता येणारा प्रकाश मोजणारं यंत्र, ॲनिमोनच्या मूळ जागेवर धरला तर आकडा पन्नाशीच्या आसपास. बबल-टिपला साधारण 100 ते 250 मध्ये ठेवतात. माणसाच्या डोळ्याला निळा प्रकाश किती आहे याचा अंदाज अजिबात येत नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबून दिवा घेऊ नये असं मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी ऐकत नाही.

कमी प्रकाश आणि उपासमार यांनी ॲनिमोन चालायला का लागला याचं उत्तर मिळतं. पण तो दोन-अडीच महिने त्याच प्रकाशात होता. मग कधी थांबायचा आणि कधी चालायचा, हे कशावर ठरत होतं?

मोबाइलमधले फोटो

उत्तर वहीत नव्हतं, बाईंच्या मोबाइलमध्ये होतं. ऑफिसला निघताना त्या रोज टँकचा एक फोटो काढायच्या, आईला पाठवायला. मार्चपासूनचे फोटो आम्ही सोफ्यावर बसून एकामागून एक पाहिले.

पहिली गोष्ट दिसली ती आकाराची. एप्रिलमध्ये ॲनिमोन दुप्पट फुललेला होता, आणि घरच्यांना वाटलं की रुळला. पण त्याच फोटोंमध्ये तो आणखी पांढरा होत गेला होता आणि शुंडक्यांची फुगीर टोकं जाऊन त्यांचे लांब दोरे झाले होते. टोकं नुसती लांबलेली असणं हे एकट्याने आजाराचं लक्षण नाही, निरोगी बबल-टिपचीही कधी कधी लांबतात. पण रंग उतरत असताना अंग पसरत जाणं म्हणजे, खिडकीतली कुंडी उजेडाकडे वाकते तसं, प्रकाश गोळा करायची धडपड.

दुसरी गोष्ट तारखांची. सहा-सात आठवड्यांत ॲनिमोनने पाच वेळा जागा सोडली होती. पाचपैकी चार वेळा नवी जागा पहिल्यांदा दिसली ती सोमवारच्या फोटोत. पाचव्यांदा मंगळवारच्या. आणि अपघातही सोमवारचाच.

"रविवारी तुम्ही काय करता?" मी विचारलं.

रविवार हा टँकचा दिवस होता. काच घासणं, स्किमरचा कप धुणं आणि उडालेलं पाणी भरणं. उन्हाळा लागल्यापासून टँकवर पंखा लावला होता. पंख्याने पाणी थंड होतं ते बाष्पीभवनामुळे, म्हणजे जितकं गार तितकं जास्त पाणी उडणार. दिवसाला सुमारे 3 लिटर. मीठ उडत नाही, ते मागे राहतं. शनिवारी संपमधली पातळी इतकी उतरायची की पाणी वर नेणारा रिटर्न पंप गुरगुरायला लागायचा, आणि त्या आवाजानेच त्यांना आठवण व्हायची. मग रविवारी दुपारी तासाभरात वीस-एकवीस लिटर आरओचं गोडं पाणी ओतलं जायचं. त्यानंतर रात्री मोजमाप.

270 लिटरमधले 21 लिटर उडाले तर खारेपणा 34 पीपीटीवरून जवळजवळ 37 वर जातो. त्यांना आठवडाभर रोज संध्याकाळी मोजायला सांगितलं, आणि आठवड्याच्या शेवटी रिफ्रॅक्टोमीटरवर 1.028 आलं. म्हणजे आठवडाभर हळूहळू चढण आणि रविवारी एका तासात उतार. वहीत मात्र कायम उताराच्या पायथ्याचा आकडा. माशांना याचं फारसं काही वाटत नाही, ते शरीरातलं मिठाचं प्रमाण स्वतः सांभाळतात. ॲनिमोनला तशी सोय नाही. त्याच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या मागोमाग जातं, म्हणून असा झटका त्याच्या प्रत्येक पेशीला बसतो.

माझं निदान असं झालं: मुळाशी प्रकाश आणि पोषण कमी, आणि आधीच जागेवर नाराज असलेल्या प्राण्याला दर रविवारी खारेपणाचा धक्का. त्यात दुपारी 30-31 आणि रात्री एसीमुळे 27 अशी तापमानाची चढउतार रोजची. याला कडक पुरावा म्हणता येणार नाही. रविवारी काचही घासली जायची, हातही पाण्यात असायचे. पण हात आणि काच जानेवारीपासून होते; पंखा एप्रिलमध्ये आला, आणि चालणंही एप्रिलमध्ये सुरू झालं.

आहाराचा एक मुद्दा राहिला. घरातले लोक प्रेमाने बाजारातली कोळंबी, अंगठ्याएवढा तुकडा, जवळजवळ रोज भरवत होते. ॲनिमोन ती गिळायचा आणि रात्री अर्धी कच्ची बाहेर टाकायचा. खाल्लं म्हणून समाधान, आणि सकाळी वाळूवर पांढरा गोळा.

काय बदललं, कोणत्या क्रमाने

सगळं एकदम बदलायचं नाही, हे पहिल्यांदा ठरवलं. आधी ऑटो टॉप-अप: संपमध्ये तरंगता सेन्सर, शेजारी आरओ पाण्याचा डबा, पातळी बोटभर उतरली की थोडं पाणी आपोआप. टँकच्या सामानात इतक्या कमी पैशात इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही, आणि दुकानात तिचं नाव कोणी काढत नाही. पहिल्या रविवारी ॲनिमोन टोपलीतच होता, त्यामुळे त्या रविवारचं शांत बसणं हिशेबात धरलं नाही.

वेव्हमेकरच्या जाळ्यांवर खरखरीत फोमची आवरणं घातली. ती आठवड्यातून एकदा धुवावी लागतात, नाहीतर प्रवाह मरतो. फॉस्फेटची मीडिया काढून टाकली, माशांचं खाणं वाढवलं, स्किमर थोडा मंद केला. महिनाभरात नायट्रेट 5 च्या आसपास आलं.

चिलरवरून घरात चर्चा झाली. गृहस्थांचं म्हणणं, पंखा पुरतो. मेपर्यंत पुरतही होता. पण जूनमध्ये हवा ओली झाली की बाष्पीभवन मंदावतं आणि पंखा नुसता फिरत राहतो. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात जे चालतं ते ठाण्याच्या दमट हवेत चालत नाही. चिलर आला, 26.5 ला लावला. विजेचं बिल वाढलं, ते त्यांनी मला आवर्जून कळवलं.

दिवा शेवटी बदलला. ज्याच्या अंगात फारसं शैवाल उरलेलं नाही अशा प्राण्यावर एकदम तीव्र प्रकाश टाकला तर उरलीसुरली शैवालंही जातात. म्हणून नवा दिवा जुन्याइतक्याच तीव्रतेवर सुरू करून तीन आठवड्यांत वर नेला, ॲनिमोनच्या जागी दीडशेपर्यंत. दगडांची मांडणीही फोडली. आधी एकच सलग भिंत होती, त्यावरून चालत तो कुठेही जाऊ शकायचा. आता मधोमध खोल खाचेचा एक सुटा दगड, चहूकडे वाळू. बबल-टिपला पाय अंधाऱ्या फटीत आणि शुंडके उजेडात हवे असतात. वाळू तो ओलांडू शकतच नाही असं नाही, पण सहसा टाळतो.

खाणं आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढा मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) किंवा बारीक चिरलेली कोळंबी.

फाटलेली कड दोन आठवड्यांत मिटली. जुलैमध्ये पायाकडून तपकिरी छटा चढायला लागली, ऑगस्टपर्यंत पांढरा रंग शोधावा लागत होता. टोकांना बोंड आलं. सुट्या दगडाच्या खाचेत बसल्यापासून त्याने जागा सोडलेली नाही, आणि यात बरेच रविवार येऊन गेले आहेत.

आणि मासे?

घरात सगळ्यांना खरं हवं होतं ते हे. मुलगी रोज विचारायची, आज गेले का आत?

नाही गेले. समुद्रात ओसेलारिस ज्या ॲनिमोनमध्ये राहतो ते तीन: हेटेरॅक्टिस मॅग्निफिका, स्टिकोडॅक्टिला गिगांटिया आणि स्टिकोडॅक्टिला मर्टेन्साय. बबल-टिप त्याच्या यादीत नाही. क्लार्कचा क्लाउनफिश दहाही यजमान जातींमध्ये राहतो, त्याच्यासाठी बबल-टिप ठीक. टँकमध्ये ओसेलारिसही बबल-टिप स्वीकारतो, पुष्कळदा स्वीकारतो, पण ती त्याची मर्जी. त्यातून हॅचरीत जन्मलेल्या माशाने आयुष्यात ॲनिमोन पाहिलेला नसतो. या जोडीतल्या मादीने रिटर्न पाइपखालचा कोपरा आपला मानला होता आणि तिथून ती माझ्या बोटालाही चावे घ्यायची.

गृहस्थांनी वाचलेले उपाय सांगितले: काचेला ॲनिमोनचा फोटो चिकटवा, व्हिडिओ दाखवा, माशांना ॲनिमोनसकट लहान जागेत कोंडा. पहिल्या दोन उपायांनी करमणूक होते. तिसऱ्याला मी नकार दिला. नुकताच सावरलेला ॲनिमोन आणि चिडलेली मादी एका डब्यात ठेवून कुणाचंच भलं होणार नव्हतं. एरवीही क्लाउनफिश नव्या ॲनिमोनमध्ये एकदम शिरत नाही. आधी शेपटीने, पोटाच्या परांनी शिवतो, मागे सरतो, पुन्हा येतो. ही ओळख त्याने स्वतःच्या वेगाने करायची असते. शिवाय घरच्या टँकमध्ये माशाला ॲनिमोनची गरज नाही. समुद्रात तो त्याच्याविना शिकार होईल. इथे त्याला खाणारं कोणी नाही. म्हणून ॲनिमोन घ्यायचा तो ॲनिमोन आवडतो म्हणून. एडिंबरात 'ग्रॅनी' नावाचा एक ॲनिमोन, वेगळ्या जातीचा, क्लाउनफिशशी संबंध नसलेला, 1828 मध्ये किनाऱ्यावरून आणला होता. तो काचेच्या बरणीत 1887 पर्यंत जगला, तोही ना चिलर, ना स्किमर अशा काळात, ताजं समुद्राचं पाणी घालणाऱ्या माणसांच्या जिवावर. एवढ्या मुदतीच्या प्राण्याला माशाची गादी म्हणून विकत घेणं मला पटत नाही.

सप्टेंबरात जोडीने अंडी घातली. ॲनिमोनजवळ नाही, रिटर्न पाइपखालच्या कोपऱ्यात, काचेलगत पडलेल्या टाइलच्या तुकड्यावर. नारिंगी ठिपक्यांचा पट्टा, नर परांनी वारा घालतोय, मादी पहाऱ्यावर. आठवड्याभराने रात्री टँकचे दिवे बंद झाल्यावर पिल्लं फुटली आणि संपमध्ये वाहून गेली. पिल्लं वाढवायची तर रोटिफरची, म्हणजे त्यांचं खाद्य असलेल्या सूक्ष्म जीवांची, वेगळी शेती लागते, ते त्यांना जमणारं नाही हे त्यांनीच ओळखलं.

आता प्रश्न नवा आहे. दुकानदाराने सांगितलं आहे की ओसेलारिसचा खरा यजमान गिगांटिया, तोच घ्या, मग मासे नक्की जातील. पहिला भाग बरोबर आहे. पण यजमान जातींमध्ये टँकमध्ये टिकवायला सर्वांत अवघड ठरलेल्यांपैकी गिगांटिया एक आहे. तो जवळजवळ नेहमी समुद्रातून काढून आणलेला असतो, त्याच्या डंखात लहान मासे मारायची ताकद असते, आणि एका लहान टँकमध्ये दोन जातींचे ॲनिमोन एकमेकांना सुखाने राहू देतीलच असं नाही. मी नको म्हणालो. बबल-टिप कधी दोन भागांत विभागला गेला तर एक भाग दुसऱ्या कुणा हौशी घराला द्या, असं सुचवलं आहे. समुद्रातून नवा ॲनिमोन न काढता कुणाची तरी हौस त्यातून भागेल.